घर कोठून आले?



चित्रकलेच्या शिक्षकाने व्याख्यान द्यावे, हे धाडसच. हाती फळा नाही, खडू नाही. तेव्हा अनुभवच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गातील मुलांना म्हटले, "आपले घर सोलापुरास कसे आले, ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याचे चित्र काढा." आठवड्याने कागद आले. कोणी बैलगाडी काढली होती, कोणी आगगाडी, कोणी मागावर बसलेले पणजोबा. एका मुलाचा कागद मात्र कोरा होता. तो हळूच म्हणाला, "सर, आम्ही घरी तेलुगू बोलतो. मुले म्हणतील, तुम्ही इथले नाही."

मंडळी, 'इथले' म्हणजे कोण? 1870च्या दशकात येथे कापडगिरणी उभी राहिली आणि गावाचे रूप पालटले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपली भाषा, आपला मार्कंडेय आणि हातातले कसब बरोबर आणले. कन्नड तर आपल्या शेजघरचीच. 12 जानेवारी 1931 रोजी फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे आठवा : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. चार घरांच्या वाटा निरनिराळ्या, गाव एकच.

आपली चादर घ्या. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते, मग जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पडतात. भोक असेल तेथला धागा वर उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. पण खाली राहिलेला धागा काही नक्षीबाहेरचा नव्हे. चादर उलटून पाहा, तोच रंग वर येतो.

एवढेच मी त्या मुलाला दाखवले. पुढच्या खेपेस त्याने बिड्या वळणारे आजीचे हात काढून आणले. खाली देवनागरीत लिहिले होते : ओकटि, रेंडु, मूडु. आजी बिड्या तेलुगूत मोजते; त्याला ती लिपी येत नव्हती. वर्गातील मुले हसली नाहीत. उलट, दहापर्यंत मोजायला शिकली.

एक सावधगिरी मात्र हवी. काही घरे भुकेपायी निघाली, काही कर्जापायी, काही अपमान सोसून. अशी आठवण चव्हाट्यावर मांडण्याची सक्ती कोणा मुलावर होता कामा नये. चित्राखाली जात विचारू नये. कोरा कागदही निमूटपणे ठेवून घ्यावा; तो कधीतरी भरतो.

गिरण्यांचे भोंगे थांबले. ते ऐकत कामावर गेलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही दप्तरात लिहिलेल्या नाहीत. म्हणून माझी विनंती एवढीच : या सुटीत मुलांना कागद द्या, रंग द्या आणि आजी-आजोबांजवळ बसवा. उद्या विचारू म्हणता म्हणता सांगणारे माणूस निघून जाते.