टेबलाखालचा डबा आणि दोन स्क्रीन

हेडफोन लावलेत ना? आज जरा ऑफिसच्या टेबलाखाली शिरू या. केबलींची गोष्ट आहे आणि माझ्या फजितीची पण.

माझी पहिली नोकरी. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात. आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं, तिथे सगळीकडे थिन क्लायंट. थिन क्लायंट म्हणजे काय, तर टिफिनच्या डब्याएवढा बॉक्स. खरं काम चालतं दूर सर्व्हरवर. हा डबा फक्त तिथलं चित्र इथे दाखवतो आणि आपलं कीबोर्ड-माउस तिकडे पोचवतो.

पासिंगच्या टेबलावर एक मॅडम होत्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. एका विंडोत नमुना सही, दुसरीत खातं. दिवसभर इकडून तिकडे. त्या गडबडीत एकदा रक्कम भलत्याच खात्यात पडली आणि त्यांना मेमो मिळाला. तीस वर्षांत पहिला. मला म्हणाल्या, "अरे, इथं दोन टीव्ही लावता येतील का? एकावर सही, एकावर खातं."

मी म्हटलं, "लावतो की मॅडम, पंधरा मिनिटांचं काम!" तारीख होती २८ मार्च. मार्च एंड! आता स्वतःचंच हसू येतं.

मी बाजारातून स्प्लिटर आणला, लावला. दोन्ही स्क्रीनवर तेच चित्र. मॅडम म्हणाल्या, "छान. म्हणजे आता चूक दोनदा दिसेल."

स्प्लिटर एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतो, बस्स. दोन वेगळी चित्रं हवी असतील तर डब्यातूनच दोन वेगळे सिग्नल निघायला हवेत. म्हणून आधी डबा उलटा करून पोर्ट मोजायचे. आमच्या डब्याला दोन डिस्प्लेपोर्ट होते, मॉनिटर मात्र एचडीएमआयचे. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जायला साधा, स्वस्त कन्व्हर्टर चालतो, पण पोर्ट 'डीपी प्लस प्लस' असावा लागतो. उलट दिशेला, म्हणजे एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे, तो चालत नाही. तिथे अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दिसायला दोन्ही भावंडंच, त्यामुळे दुकानदाराला दिशा सांगूनच घ्या.

दोन्ही स्क्रीन लागल्या. सर्व्हरला जोडलं, तर सगळं एकाच स्क्रीनवर आणि दुसरीवर नुसता वॉलपेपर! इथे माझा तास गेला. कारण सांगावं लागतं दोन ठिकाणी. आधी डब्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'एक्स्टेंड'. मग रिमोट डेस्कटॉपमध्ये 'शो ऑप्शन्स', 'डिस्प्ले' टॅब आणि 'यूज ऑल माय मॉनिटर्स' वर टिक. ही टिक जोडायच्या आधी करायची. सेशन चालू असेल तर तोडून परत जोडायचं. ही सोय २००९ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ बरोबर आली. त्याआधीचा 'स्पॅन' दोन स्क्रीन मिळून एकच लांबलचक स्क्रीन समजायचा, म्हणजे १९२० च्या दोन असतील तर ३८४० रुंद. मेसेज बॉक्स उघडायचा नेमका मधल्या फटीवर, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

रात्री आठला सगळं जमलं. मी शिट्टी वाजवत घरी.

सकाळी मॅडमचा फोन. "अरे, तुझा दुसरा टीव्ही झोपलाय."

जाऊन बघतो तर सेटिंगच गायब. काउंटरपुढे रांग, मी टेबलाखाली, आणि साहेब वर उभे. "दुपारपर्यंत झालं नाही तर काढून टाक ते." मॅडम काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

घोळ होता राइट फिल्टरचा. विंडोजवाल्या थिन क्लायंटमध्ये हा बहुतेक वेळा चालूच असतो. तुम्ही केलेले बदल तो मेमरीत तात्पुरते ठेवतो आणि डबा रीस्टार्ट झाला की पुसून टाकतो. व्हायरस आला किंवा कुणी खोडसाळपणा केला तरी डबा परत कोरा व्हावा म्हणून. माझी मेहनत त्याच्या लेखी खोडसाळपणाच! आणि मॅडम रोज संध्याकाळी शिस्तीत मेन स्विच बंद करायच्या.

मग अ‍ॅडमिनने लॉगिन केलं, फिल्टर बंद, रीस्टार्ट. सेटिंग परत केलं. फिल्टर चालू, पुन्हा रीस्टार्ट. या वेळी डबा स्वतः दोनदा बंद करून चालू केला आणि मगच टेबलाखालून बाहेर आलो. कपाळाला धूळ. साहेब घड्याळ बघत होते, पावणेबारा.

एक बारीक गोष्ट राहिली होती. मॅडमचा माउस उजवीकडे नेला की डावीकडच्या स्क्रीनवर जायचा. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ आकड्यांचे चौकोन ओढून जागा बदलल्या, झालं.

३१ तारखेला रात्री मी मुद्दाम चक्कर टाकली. डावीकडे सही, उजवीकडे खातं, मॅडम भराभर व्हाउचर पास करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "शेजारच्या टेबलावर पण लाव रे."

मी लगेच तो डबा उलटा केला. त्याला पोर्ट एकच होता.