पियानोची पहिली दोन वर्षं



मी लहान मुलांना पियानो शिकवते. पालक पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा हमखास विचारतात, ‘बॅचमध्ये घालू की पर्सनल लावू?’ मूल चार-पाच वर्षांचं असतं, घरी नुकताच कीबोर्ड आलेला असतो. पर्सनलमध्ये बाईंचं सगळं लक्ष आपल्या मुलाकडे राहील, म्हणजे ते लवकर शिकेल. बॅच स्वस्त पडते, पण ती तडजोड, असा त्यांचा हिशेब असतो. या वयाच्या मुलाला हा हिशेब लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये योहान बर्नहार्ड लोजिए नावाचा जर्मन शिक्षक होता. त्याने १८१४ साली ‘कायरोप्लास्ट’ नावाची चौकट काढली. ती पियानोच्या पट्ट्यांसमोर बसवायची आणि मुलाचा हात तिच्यात योग्य जागी अडकवून ठेवायचा. मग एका खोलीत अनेक पियानो मांडून अनेक मुलांना एकदम वाजवायला लावायचं. लंडनच्या वादक-शिक्षकांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. प्रशियाच्या सरकारने मात्र त्याला बर्लिनला बोलावून घेतलं. ती चौकट पुढे नामशेष झाली आणि ते बरंच झालं. पण लोजिए मुलांना स्वरमेळाचे नियमही एकत्र बसवून शिकवायचा, आणि त्या कल्पनेत तथ्य होतं.

आपल्याकडेही हा वाद झाला. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घरंदाज तालमीतलं गाणं वर्गात आणलं. वर्गात बसून गवई होत नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत ऐकू येतो. पण त्याच पलुसकरांनी उपदेशक वर्गही चालवला. त्यातले विद्यार्थी त्यांच्याजवळ राहून शिकत आणि त्यांतूनच पुढचे शिक्षक घडले. सर्वांसाठी वर्ग आणि निवडकांसाठी जवळून तालीम, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका संस्थेत नांदवल्या. कुठल्या टप्प्यावर काय हवं हे त्यांनी ओळखलं होतं, आणि आपल्यालाही तेच ओळखायचं आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाला पियानोपाशी नेमकं काय शिकायचं असतं? लय अंगात भिनवायची असते. सूर वर गेला की खाली आला, हे कानाने ओळखायचं असतं. ऐकलेलं गळ्यातून काढायचं असतं. बोटांचं काम त्यानंतर. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने आपल्या मुलाला, पेटरला, पियानो शिकवताना सुरुवात गाण्याने केली होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पिढ्यानपिढ्या मुलं आधी एकत्र बसून स्वरवाचन गात आणि मग त्यांच्या हाती व्हायोलिन येई. त्या मातीतून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून टाकले. जपानमध्ये यामाहाने १९५४ साली मुलांचे संगीतवर्ग सुरू केले, तेही गटातच, आणि ऐकण्या-गाण्यावर भर देऊन.

ही कामं एकट्याने होत नाहीत असं नाही, पण गटात ती फार सहज होतात. टाळीला टाळी देणारं दुसरं मूल समोर असलं की लय समजावून सांगावी लागत नाही. एकटं मूल मोठ्या माणसासमोर गायला लाजतं. पाच जणांत तेच खुल्या आवाजात गातं. शिवाय पियानो हे मुळात एकट्याचं वाद्य. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाला आज ना उद्या वाद्यवृंदात जागा मिळते. पियानो वाजवणारं मूल वर्षानुवर्षं एकटंच बसतं. दुसऱ्याचं ऐकत वाजवण्याची सवय लहानपणी लागली नाही, तर ती नंतर लावणं अवघड जातं.

मात्र गट म्हणजे नुसती गर्दी नव्हे. आठ डिजिटल पियानो, आठ हेडफोन आणि बाई पाळीपाळीने एकेकाकडे, अशी व्यवस्था काही ठिकाणी असते. तिथे मुलं एका खोलीत असतात, पण कुणीच कुणाचं ऐकत नाही. लहान मुलांसाठी मी त्याला गट म्हणणार नाही. बॅच निवडताना पालकांनी एक तास मागे बसून बघावं. मुलं गातात का, उठून चालतात-नाचतात का, एकाचं वाजवणं बाकीचे ऐकतात का? वयात फार अंतर तर नाही ना? चार वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल एका बॅचमध्ये बसवलं, तर दोघांचंही नुकसान होतं.

सहा-सात वर्षांच्या आसपास चित्र पालटतं. आता हात महत्त्वाचा होतो, आणि हाताला स्वतंत्र नजर लागते. पट्टी दाबताना बोटाचं शेवटचं पेर आत मोडतं का? मनगट खाली पडतं का? करंगळी वाजवताना खांदा वर चढतो का? पाय लोंबकळत असतील तर मुलाचं सगळं अंग आखडतं, म्हणून पायांखाली चौरंग ठेवावा लागतो. बॅचमध्ये बाकीच्यांच्या आवाजात या चुका लपतात, आणि वर्षभर लपलेली चूक काढायला त्याहून जास्त काळ लागतो. इथे पर्सनलला पर्याय नाही. अर्धा तास पुरतो, त्याहून जास्त या वयाला झेपत नाही. ज्या मुलाला गलबल्यात काही सुचतच नाही, किंवा जे बाकीच्यांच्या फार पुढे निघून गेलंय, त्याच्यासाठी हा टप्पा खुशाल आधी आणावा.

आणि पर्सनल सुरू झालं म्हणून गट सोडू नये. हे मी कळकळीने सांगते, कारण घडतं नेमकं उलट. ग्रेडची परीक्षा डोळ्यांसमोर आली की मूल वर्षभर तीन-चार तुकडे घोटत बसतं आणि बाकी सगळं बंद होतं. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकींच्या पद्धतीत दर आठवड्याची स्वतंत्र शिकवणी असते, तिला आई किंवा वडील हजर असतात, आणि त्याखेरीज मुलं गटातही एकत्र वाजवतात. संगीतकार डियाबेलीचे चार हातांनी वाजवायचे तुकडे आहेत, ओपस १४९. त्यात शिकणाऱ्याच्या वाट्याला एका वेळी पाचच स्वर येतात, म्हणजे हात जागचा हलवावा लागत नाही. शेजारी बसलेले शिक्षक भरगच्च साथ देतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं मूलसुद्धा त्यात खरं संगीत वाजवतं.

आपल्या गावात पियानो शिकवणारं एकच कुणी असेल आणि बॅच निघतच नसेल, तरी मार्ग आहे. साधारण एका वयाच्या दोन मुलांच्या वेळा लागोपाठ घ्या आणि मधली पंधरा मिनिटं दोघांना एकत्र ठेवायला सांगा. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ठेका धरायचा, मग जागा बदलायच्या. शिक्षकांना जास्तीचा वेळ द्यावा लागत नाही, फक्त वेळापत्रक तसं बसवावं लागतं. त्यामुळे नवं सत्र सुरू होण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्या.