दीड तासाचं नागपूर

मुंबईहून नागपूरला विमानाने दीड तास लागतो, असं आपण ऐकतो. इकडे मुरबाडहून एसटीने कल्याण गाठायलाच आपला तासभर जातो! मग हा दीड तास मोजायचा कुठून, याचा हिशोब आम्हाला एका रात्री खरोखरच मांडावा लागला.

गटातल्या एका ताईंची आई नागपूरला दवाखान्यात होती. आई सिरियस आहे, असा रात्री बाराला फोन आला. आम्ही चार-पाच जणी अध्यक्षताईंच्या ओट्यावर जमलो. विमानाच्या तिकिटासाठी ताईंना गटातून आठ हजारांचं कर्ज हवं होतं. पैसा सगळ्यांच्या बचतीचा, म्हणून वही उघडली.

नकाशावर सरळ दोरी धरली तर मुंबई-नागपूर अंतर साधारण 680 किलोमीटर भरतं. रेल्वेने सीएसएमटीपासून ते 837 किलोमीटर आहे. भिवंडीजवळच्या आमण्याहून निघणारा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. पण त्याला दाराशी गाडी हवी, ती आपल्याकडे कुठली!

वर आकाशात विमान ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जातं. मग तासाभरात का पोचत नाही? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्या दीड तासात येतं. आपण घरातून निघतो ते मात्र त्यात कुठेच नसतं.

ते आम्ही लिहिलं. पहाटे साडेचारला जीपने निघायचं. कल्याणहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मेट्रो बदलून टर्मिनल दोन. साडेसातला विमानतळ. सामान देणं, तपासणी यासाठी दोन तास हातात ठेवायचे. साडेनवाचं विमान अकराला नागपुरात. सोनेगावचा विमानतळ शहरातच, त्यामुळे बारापर्यंत दवाखाना. म्हणजे दीड तासाचे झाले साडेसात तास.

आता रेल्वे. सकाळची गीतांजली कल्याणहून धरली तर नागपूरला पोचायला संध्याकाळ होते, तीही आयत्या वेळी जागा मिळाली तर. म्हणजे विमानाने वाचणार होता अर्धा दिवस. आठ हजारांत अर्धा दिवस! एरवी आम्ही नाहीच म्हटलं असतं. पण आईच्या उशाशी बसायचा अर्धा दिवस होता तो. कर्ज मंजूर केलं, सह्या सकाळी घेतल्या. ताई दुपारी आईपाशी होत्या. आईने ओळखलं, दोन शब्द बोलली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

प्रदर्शनाला पापड-मसाले घेऊन जायचं असेल तर मात्र आम्ही विदर्भ एक्सप्रेसच धरू. संध्याकाळी कल्याणला बसायचं, सकाळी नागपूर. तास जास्त, पण रात्र झोपेत जाते आणि मजुरीचा दिवस बुडत नाही. स्लीपरला माणशी 40 किलो सामान चालतं. विमानात बहुतेक कंपन्या 15 किलो घेतात, हातातलं 7 किलो वेगळं.

आणि एक. विमानाच्या तिकिटावर नाव आधारवर असेल तसंच घाला. आपल्यातल्या कितीतरी जणींचं आधारवर माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. गेटवरचा जवान दोन्ही नावं जुळवून पाहतो. या महिन्याच्या बैठकीला सगळ्याजणी आपापलं आधार कार्ड घेऊन या, बघून घेऊ.