'फो' : एका चिनी अक्षराची ओळख



भगवान बुद्धांसाठी चीनमध्ये जे अक्षर लिहितात त्याचा उच्चार 'फो'. 'बुद्ध' कुठे आणि 'फो' कुठे, असे आपल्याला वाटेल. परंतु हा आजचा उच्चार झाला. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी तेच अक्षर 'ब्युत'च्या जवळपास उच्चारले जाई. म्हणूनच जपानमध्ये ते 'बुत्सु' आणि कोरियात 'बुल' झाले. शब्द आपलाच, प्रवासात झिजला एवढेच.

त्याही आधी 'फू-तू' अशी दोन अक्षरे लिहीत. हान सम्राट मिंग याच्या इ.स. 65 च्या आज्ञापत्रात ती आढळतात. अर्थ पाहाल तर पहिल्याचा 'तरंगणे' आणि दुसऱ्याचा 'कत्तल करणे'! करुणेच्या शास्त्याला असे नाव कोण देईल? लिहिणाऱ्यांनी फक्त ध्वनी घेतला होता, हे यावरून कळते.

आता 'फो'ची घडण पाहू. डावीकडे दोन रेघांचा 'माणूस' आहे. उजवीकडे पाच रेघांचे 'फू' हे चिन्ह, आणि त्याचा अर्थ 'नव्हे'. यावरून काही जण सांगतात की, 'जो माणूस नव्हे, तो बुद्ध'. ही फोड आम्हाला मुळीच मान्य नाही. बहुतेक चिनी अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. इथे 'फू' उच्चारापुरता आहे. शिवाय शू शेन याच्या इ.स. 100 च्या सुमाराच्या कोशात हेच अक्षर 'अस्पष्ट दिसणे' या अर्थाने आले आहे. म्हणजे जुनेच अक्षर बुद्धांच्या नावासाठी वापरात आले. 'माणूस नव्हे' असे सांगायला कोणी ते घडवले नाही.

आपण याबाबत जागरूक असले पाहिजे. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. त्यांना माणसांतून उठवून देवांत बसवणारी फोड चिनी अक्षराच्या आडून आली, म्हणून ती खरी ठरत नाही.

चिनी भाषेत 'जागे होणे' यासाठी 'च्युए' हा शब्द होताच, आणि भाष्यकारांनी 'फो'चा अर्थ 'जागा झालेला' असाच सांगितला. नाव मात्र ध्वनीनेच ठेवले.

जपानमध्ये आज उजवी बाजू सोपी करून दोनच रेघांची लिहितात. डावीकडचा माणूस तसाच आहे. विद्यार्थ्यांनी वहीत दोन्ही रूपे काढून पाहावीत. आधी डावी बाजू, मग उजवी.