मध्येच उठावं लागणाऱ्यांसाठी अ‍ॅप

(कोऱ्हाळे बुद्रुक येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मोबाइल अ‍ॅप बनवतो. आमच्या धंद्यात ‘युजर’ म्हटलं की डोळ्यांपुढे जो माणूस येतो, तो निवांत खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या फोनला पूर्ण रेंज असते आणि डोक्यात दुसरं काहीच नसतं. असा माणूस मला कोऱ्हाळ्यात अजून भेटायचा आहे. इथे वीज रात्रीची असली की माणूस रात्रभर उसाला दारं धरतो आणि सकाळी चुरचुरत्या डोळ्यांनी फोन हातात घेतो.

लक्ष कमी पडण्याची कारणं अनेक आहेत. काहींना ते जन्मापासून असतं. एडीएचडी असलेल्या मुलाचं मन एका स्क्रीनवर ठरत नाही. पक्षाघातानंतर किंवा वयामुळे कुणाला मघाशी काय वाचलं ते आठवत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी हे सगळं आहे. आणि काहींचं लक्ष त्या दिवसापुरतंच कमी असतं. रमजानमध्ये दुपारी चार वाजता आपलं स्वतःचं काय होतं ते आठवा. माझं म्हणणं असं आहे की या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: मध्येच थांबलो तर अ‍ॅपने जागा धरून ठेवावी.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक तलाठी नोंदवायचे, आता शेतकरी स्वतः नोंदवतो. कल्पना मला मनापासून आवडते. पण एका नोंदीत काय काय येतं बघा: खाते क्रमांक, गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि शेतात उभं राहून काढलेला फोटो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. आपल्याकडे हेक्टरमध्ये कोण बोलतं? कालव्याकडेला कुणालाही विचारा, ‘सव्वा एकर ऊस आहे’ म्हणेल. सव्वा एकर म्हणजे 50 गुंठे, म्हणजे साधारण अर्धा हेक्टर, म्हणजे 0.50. हा हिशोब बांधावर उभं राहून, उन्हात स्क्रीन धड दिसत नसताना, डोक्यात करायचा. खरं तर गुंठा आणि आर यांत शंभरात जेमतेम एकाचा फरक आहे. शेतकऱ्याने एकर-गुंठे टाकावेत आणि बदल फोनने करावा. आकडेमोड करायलाच तर आपण त्याला विकत घेतलं.

याच अ‍ॅपच्या 2022च्या दुसऱ्या आवृत्तीत एक सोय आली, ती मात्र मी कामावर नव्या मुलांना आवर्जून सांगतो. नोंद केल्यावर 48 तासांच्या आत ती एकदा दुरुस्त करता येते. बहुतेक अ‍ॅप चूक टाळण्यासाठी ‘तुम्हाला खात्री आहे का?’ अशी चौकट दाखवतात. दमलेला माणूस ती चौकट वाचत नाही, बोट आपोआप ‘होय’वर जातं. रात्री जेवताना त्याच्या लक्षात येतं की हंगाम चुकीचा निवडला. त्या वेळी चूक सुधारायची वाट मोकळी असणं महत्त्वाचं.

आता घरातली गोष्ट. माझी खाला एका योजनेचा अर्ज भरत होती. योजनेचं नाव सांगत नाही. नऊ रकाने भरले, ओटीपी मागितला, तेवढ्यात दारात दूधवाला आला. ती पैसे देऊन परत आली तर ‘वेळ संपली’, आणि नऊच्या नऊ रकाने कोरे. दुसऱ्यांदा भरलं तर नाव जुळेना. आपल्या समाजात हे नवीन नाही. ‘शेख’ इंग्रजीत आधारवर एक, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. स्क्रीनवर नुसतं ‘माहिती अवैध’ असं लाल अक्षरांत आलं. कोणती माहिती, कुठे, काय करायचं, काही नाही. खाला उठली, दुकानात गेली, फोन दुकानदाराच्या हातात दिला आणि ओटीपीही त्यालाच वाचून दाखवला. त्या दुकानदाराबद्दल माझी तक्रार नाही. पण जे पैसे बाईच्या नावावर येणार, त्यांची किल्ली अशी तिसऱ्याच्या हातात जाते. आणि लोक म्हणतात, ‘बायकांना जमत नाही.’

यावर उपाय महागडे नाहीत. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 5 ऑक्टोबर 2023ला सुलभतेच्या नियमांची 2.2 ही आवृत्ती काढली. त्यात सांगितलंय की एकाच कामात आधी दिलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावू नका. लॉगिनसाठी माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका. म्हणजे पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद करून ठेवण्याची जी आपल्याकडे खोड आहे, ती सोडा. वेळ संपणार असेल तर आधी सूचना द्या आणि एका बटणावर वेळ वाढवू द्या, हा नियम तर त्याहून जुना आहे. बँकेतले मित्र म्हणतील, सुरक्षेचं काय? खुशाल लॉगआउट करा, पण भरलेला अर्ज पुसू नका. पुन्हा आत आल्यावर ‘तुम्ही पाचव्या प्रश्नापर्यंत आला होतात’ एवढं एक वाक्य दाखवा.

अँड्रॉइड 10 पासून फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये कृतीसाठी जास्त वेळ मागता येतो. अ‍ॅनिमेशन बंद करण्याचीही सोय आहे. पण मालकाने फोनला सांगितलेलं अ‍ॅपने ऐकावं लागतं, आणि ते ऐकण्याच्या दोन-चार ओळी कोड लिहायचा कंटाळा आमच्यासारखे लोक करतात.

30 एप्रिल 2025ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवता येत नव्हत्या. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं आणि 20 निर्देश दिले. तेव्हा कुठे अर्ज अडला तर ‘मेहेरबानी करा’ म्हणू नका, हक्काने लेखी तक्रार द्या.

तुमच्यातले जे कॉम्प्युटर शिकतायत, त्यांच्यासाठी एक काम. तुम्ही बनवलेलं अ‍ॅप घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. ‘आण इकडे, मी करतो’ म्हणायचं नाही. हे फार अवघड जातं, सांगून ठेवतो. अर्ध्यावर आल्यावर त्यांना चहा करायला किंवा शेळीला चारा टाकायला उठू द्या, आणि दहा मिनिटांनी परत आल्यावर त्यांचं बोट पहिल्यांदा कुठे जातं ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. लॅपटॉप मी आणतो, दुरुस्त्या इथेच बसून करू.