कोठाराची चिठ्ठी

द्राक्षांचा हंगाम आला की आपल्या नाशिक भागात शीतगृहांपुढे गाड्या उभ्या राहतात. गाडीवाला आला म्हणून कोणी त्याच्या हाती पेट्या देत नाही. मालकाची चिठ्ठी लागते. आज मी अशाच एका चिठ्ठीविषयी बोलणार आहे. माल मात्र निराळा आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. पुष्कळ प्रोसेसर जोडून एकच काम त्यांच्यात वाटावयाचे, ही त्यातली युक्ती. आमच्या महाविद्यालयातही काही संगणक असेच एकत्र जोडले आहेत. अशा जोडणीला क्लस्टर म्हणतात. कोणते काम कोणत्या यंत्राने करावयाचे, हे कुबरनेटीस नावाची व्यवस्था ठरविते. गूगलने ती २०१४ साली सर्वांना खुली केली.

काम करणारा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सर्व सामानासह, एका पेटीत बांधलेला असतो. त्या पेटीला इमेज म्हणतात, आणि पेट्यांच्या कोठाराला रजिस्ट्री. कोठार खाजगी असेल तर ओळख पटविल्यावाचून पेटी मिळत नाही.

येथे मी चुकलो. माझे स्वतःचे नाव आणि पासवर्डच मी क्लस्टरला देऊन बसलो. पुढे पासवर्ड बदलला, तरी चालू कामे चालूच राहिली. कारण पेट्या त्या यंत्रांवर आधीच उतरल्या होत्या. पण परीक्षेच्या तोंडावर एक नवे यंत्र जोडले, आणि त्यावर काही केल्या काम उभे राहीना. पडद्यावर एवढेच, 'इमेज-पुल-बॅकऑफ'. मुलांचा सबंध दिवस गेला.

मग रीतसर काय करावे? रजिस्ट्रीत क्लस्टरसाठी वेगळे टोकन काढावे. त्याला पेटी नेण्याचा अधिकार द्यावा. ठेवण्याचा किंवा पुसण्याचा नको. त्याची मुदत वहीत लिहून ठेवावी. मग 'कुबेक्टल क्रिएट सीक्रेट डॉकर-रजिस्ट्री' या आज्ञेने ते क्लस्टरमध्ये ठेवावे. मात्र ज्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे ज्या दालनात काम चालावयाचे, त्याच दालनात ते हवे. शेजारच्या दालनातले चालत नाही. शेवटी कामाच्या वर्णनात 'इमेज-पुल-सीक्रेट्स' या मथळ्याखाली त्याचे नाव लिहावे. तेच त्या दालनाच्या सर्व्हिस अकाउंटला एकदा जोडून ठेवले, तर ते अकाउंट वापरणाऱ्या प्रत्येक नव्या कामाला ते आपोआप मिळते.

आणखी एक सांगतो. सीक्रेट उघडून पाहिले तर अगम्य अक्षरे दिसतात, आणि आपल्याला वाटते, कुलूप लागले. तसे नाही. ती बेस-६४ ची मांडणी आहे; कागदात गुंडाळलेली वस्तू जशी. कोणीही कागद उलगडू शकतो. तेव्हा ती फाइल मुलांच्या सामाईक संचात कधीही ठेवू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना आज्ञा पाठ करावयास लावण्याआधी एवढे विचारा: कोठाराच्या गाडीवाल्याला आपण घराची किल्ली देतो का? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला सुचेल, त्याला पुढचे शिकविणे सोपे जाईल.