हॅम्बर्गर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले अमेरिकेत आहेत. तिकडे गेले की हॅम्बर्गर पानात येतोच. हे नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावरून पडले. त्यात डुकराचे नव्हे, गाईचे मांस असते. ते मला चालत नाही. म्हणून सुनेने माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला आहे. त्यावर मी मटणाच्या खिम्याचा करते.

खिम्यात पाचवा हिस्सा चरबी असावी, नाहीतर तो कोरडा होतो. कणकेसारखा मळू नये, चिवट होतो. मीठ आधी न कालवता तव्यावर टाकताना वरून भुरभुरावे. मध्ये अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे फुगत नाही. उलथन्याने दाबू नये, रस जातो. मात्र आत कच्चा ठेवू नये. पाव लोण्यावर भाजावा.

विचिटा गावी १९२१ साली व्हाइट कॅसलवाल्यांनी तो पाच सेंटांना विकायला सुरुवात केली. न्यू हेवनच्या लुईज लंचमध्ये भाजलेल्या पावाच्या कापांत देतात; टोमॅटोचे सॉस मागूनही मिळत नाही! मला कच्चा कांदा व काकडीचे लोणचे घालून आवडतो.

भगिनींनो, आपला आचार सांभाळूनही नातवंडांच्या पंगतीला बसता येते, एवढेच माझे सांगणे.